पिस्तुलावरचं कुंकू

सुलेखा ताम्हाणेचा नवरा इंजिनिअर नव्हता. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण कोलोनच्या निपेस भागातल्या बऱ्याच लोकांची तशी पक्की समजूत होती आणि ती दूर करायची तसदी श्रीरंगने कधी घेतली नाही. त्याचा अभ्यास होता सहकारी पतपेढ्यांचा. विद्यापीठात तो त्यावर प्रबंध लिहीत होता आणि घरात भिंतीत खिळा ठोकायचा झाला तरी खिळ्याच्या जागी अंगठा ठेचून घेत होता. पण एकसष्ट सालच्या जर्मनीत भारतीय पोरगा दिसला, की तो यंत्रं शिकायलाच आलेला असणार, असं लोक धरून चालत. कुणी ‘हेर इंजेनिअर’, म्हणजे इंजिनिअरसाहेब, म्हटलं की श्रीरंग मान किंचित लववून हसायचा. एवढ्या भांडवलावर तो इंजिनिअर झाला.

खरा हात होता तो त्याच्या बायकोचा. सुलेखा माहेरची कारखानीस. तिचे वडील आत्मारामपंत मिरजेकडच्या एका लहानशा संस्थानाच्या सिलेखान्यात, म्हणजे शस्त्रागारात, दुरुस्तीचं काम बघत. संस्थान विलीन झालं, तलवारी भिंतीवर गेल्या, पण आसपासच्या शिकारी लोकांच्या बंदुका आणि पिस्तुलं आत्मारामपंतांच्या घरी दुरुस्तीला येतच राहिली. सुलेखा परकर नेसायच्या वयापासून त्यांच्याशेजारी बसली. कानस कशी धरायची, पोलादाला पाणी कसं द्यायचं, स्प्रिंग काढताना डोळे कसे सांभाळायचे, हे ती बघत बघत शिकली. पुढे सांगलीच्या कॉलेजातून रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाली. वडिलांनी तिला ‘मुलीच्या जातीला शोभत नाही’ म्हणून कामाच्या बाकावरून कधी उठवलं नाही. ते काम लग्नाने केलं.

कोलोनला ती दोघं एका बेकरीच्या वरच्या खोलीत राहत. बेकरी आणि खोली दोन्ही हेर ब्रॉयर यांची. हे ब्रॉयर तिथल्या शूट्सेनफेराइनचे, म्हणजे नेमबाजांच्या मंडळाचे अध्यक्ष. आपल्याकडच्या गणपती मंडळासारखंच ते मंडळ. अध्यक्ष, उपाध्यक्ष, खजिनदार, बॅनर, मिरवणूक, वर्षातून एकदा रुसवेफुगवे. फरक इतकाच, की वर्गणीनंतर इथे बिअर मिळायची आणि गणपतीच्या जागी लक्ष्याचा कागद असायचा. बायकांना मंडळात प्रवेश नव्हता. केक करायला मात्र होता. ब्रॉयरनी भाडेकरू म्हणून श्रीरंगला सभासद करून घेतलं आणि दर रविवारी सकाळी तो कडक कॉलर लावून तिकडे जाऊ लागला. बायको खोलीत बसून खिडकीखालून जाणाऱ्या ट्राम बघायची. तिच्या हातांना काम नव्हतं आणि त्यामुळे ती आतल्या आत कुढत होती.

मंडळाच्या कपाटात सूपच्या एका जुन्या पातेल्यात एक पिस्तूल पडलेलं होतं. लांब नळीचं, एका वेळी एकच गोळी घेणारं, फक्त नेमबाजीसाठी केलेलं. सुल गावच्या कुणा कारागिराने शतकाच्या सुरुवातीला ते घडवलं होतं आणि त्याच्या कुशीवर ओकच्या पानांची बारीक कोरीव नक्षी होती. युद्ध संपता संपता अमेरिकन फौज शहरात शिरली आणि घराघरांतली हत्यारं जमा करायचा हुकूम निघाला, तेव्हा मंडळाचा हत्यारं सांभाळणारा माणूस, म्हातारा ओडेनथाल, याने नळीत ग्रीस कोंबून ते फडक्यात गुंडाळलं आणि कोबीच्या वाफ्यात पुरलं. पुढे उकरून काढलं तेव्हा नळी आतून शाबूत होती. बाहेरून मात्र सगळं गंजलेलं, मूठ कुजलेली, चाप अडकलेला. ते नीट करायचं करायचं म्हणत ओडेनथाल एकसष्टच्या सुरुवातीला वारला. त्याच्या जागी अजून कुणी नेमलेलं नव्हतं.

आणि एका रविवारी तिसऱ्या ग्लासानंतर श्रीरंग ताम्हाणे टेबलावर हात आपटून म्हणाला, “हे पिस्तूल मी दुरुस्त करीन.”

असल्या फुशारकीला काय म्हणावं? पतपेढ्यांच्या प्रबंधात पिस्तुलाचा कोणता धडा होता? पण टाळ्या पडल्या आणि तळघरातल्या कार्यशाळेची किल्ली त्याच्या हातात आली. दोन संध्याकाळी तो तिथे झटापट करून आला. तिसऱ्या दिवशी पडेल चेहऱ्याने म्हणाला, “सुलेखा, तू जरा बघशील का गं? एक स्क्रू फार आडमुठा आहे.”

सुलेखाने जाऊन बघितलं आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. स्क्रू आडमुठा नव्हता. याने भलत्याच मापाचा स्क्रू-ड्रायव्हर लावून त्याची खाच पार कुरतडून टाकली होती आणि हात निसटून त्या सुंदर नक्षीवर एक पांढरा ओरखडा काढला होता.

“अहो, हे काय केलंत तुम्ही? साठ वर्षांत गंजाने जे केलं नाही, ते तुम्ही दोन दिवसांत केलंत!”

“आल्झो, अगं म्हणून तर तुला आणलं ना,” श्रीरंग जर्मन ढंगात म्हणाला. “दुपारी इथे कुणी येत नाही. तू कर. पण बाहेर बोलू नकोस. बाईमाणूस इथे बसतं असं कळलं तर किल्ली काढून घेतील. काम झालं की मीच सांगतो सगळ्यांना. योग्य वेळी.”

योग्य वेळी! पण त्या क्षणी सुलेखाला त्यातली मेख दिसली नाही. तिच्यासमोर बाक होता, शिकंजा होता, उंचीप्रमाणे लावलेल्या कानशी होत्या. तिला दुसरं काही नको होतं.

मग सुरू झाल्या तिच्या दुपारी. किल्ली रोज श्रीरंगकडून घ्यायची आणि संध्याकाळी परत करायची. गंजलेले सांधे तिने रॉकेलमध्ये मुरत घातले, आडमुठ्या स्क्रूला नवी खाच पाडली आणि सगळे भाग सुटे करून फडक्यावर मांडले. नक्षी वाचवत वाचवत गंज उतरवला. श्रीरंगच्या ओरखड्यावर मात्र तिला पानाची एक नवी शीर कोरावी लागली. ती शीर ओळखून दाखवणारा आजवर कुणी भेटलेला नाही. चापाचे झिजलेले दात तिने दगडावर घासून असे बसवले, की बोट टेकवावं आणि चाप आपणहून सुटावा. मागची नेमाची खाच जुन्या पद्धतीची, ठोकून हलवायची होती. तिथे तिने बारीक स्क्रूवर डावी-उजवीकडे सरकणारी नवी खाच तयार करून बसवली. काम करताना वडील गुणगुणायचे तोच सूर ती स्वतःशी गुणगुणायची, असं मंडळाचं स्वयंपाकघर सांभाळणारी फ्राऊ ओडेनथाल सांगायची.

ही फ्राऊ ओडेनथाल म्हणजे त्या हत्यारं सांभाळणाऱ्या म्हाताऱ्याची विधवा. तिला पहिल्या दिवसापासून सगळं ठाऊक होतं. तिनेच नवऱ्याचा अवजारांचा खण सुलेखाला उघडून दिला आणि मुठीसाठी बॉम्बहल्ल्यात मोडलेल्या आपल्या कपाटाची अक्रोडाची फळी आणून दिली. रोज कॉफी घेऊन खाली यायची आणि म्हणायची, “सांगून टाक, पोरी. माझा हाइन्रिश गेल्यापासून बंदुकांना तेल कोण घालतंय, हे मला कुणीसुद्धा विचारलेलं नाही. बंदुका आपोआप चमकतात असं वाटतं या लोकांना.”

मूठ करायची तर ज्याच्या हातात ती बसणार त्याच्या हाताचं माप हवं. मंडळाच्या अध्यक्षाच्या हाताला बसावी असं ठरलं होतं. सुलेखाने शक्कल काढली. श्रीरंगला म्हणाली, “ब्रॉयरना सांगा, कणकेचा गोळा पिस्तूल धरल्यासारखा मुठीत आवळा आणि तसाच भट्टीत भाजून द्या.” भाजलेल्या त्या गोळ्यावर ब्रॉयरच्या बोटांचे ठसे जसेच्या तसे उमटले आणि त्यावरून तिने मूठ कोरली. बेकरीवाल्याला ती कल्पना इतकी आवडली, की गिऱ्हाइकाला पाव देता देता तो सांगायचा, “आमच्या भारतीय इंजिनिअरचं डोकं बघा!” सुलेखा रांगेत उभी राहून ते ऐकायची आणि आपला पाव घेऊन मुकाट्याने जिना चढायची. वर गेल्यावर विचारायची, “सांगितलंत का?”

“सांगतो गं. एवढी काय घाई?”

हे असं आठवड्यामागून आठवडे चाललं. दर रविवारी तो वाहवा घेऊन यायचा आणि दर रविवारी ती तेच विचारायची. माणसाला दुसऱ्याचा कोट घालून मिरवायची सवय लागली, की तो कोट त्याला आपलाच वाटू लागतो. पुढे पुढे तर श्रीरंग तिलाच समजावून सांगू लागला, की चाप कसा हलका केला आहे. तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. पण किल्ली त्याच्या खिशात होती आणि बाक त्या किल्लीच्या पलीकडे होता. ती गप्प बसली ती त्या बाकासाठी. हे तिच्या भिडस्तपणाचं लक्षण मुळीच नव्हतं.

शेवटचं काम राहिलं ते पोलादाला काळा-निळा रंग चढवायचं. यात रंग असा लावत नाहीतच. पोलादावर मुद्दाम पातळसा गंज चढवायचा, तो पाण्यात उकळून काळा करायचा, वरची भुकटी तारेच्या मऊ ब्रशने झाडायची आणि पुन्हा पहिल्यापासून. फ्राऊ ओडेनथालचं मासे उकडायचं लांबट भांडं त्यासाठी कामी आलं. मिश्रण सुलेखाने स्वतः बनवलं, बी.एस्सी.चा एवढा तरी उपयोग. असं कितीदा तरी केल्यावर पिस्तुलावर जांभळासारखी काळी झाक आली. तेलाचा हात फिरवायचा तेवढा उरला होता.

आणि नेमकी खंडेनवमी आली.

“आज शस्त्रपूजा केलीच पाहिजे,” श्रीरंगने फर्मान काढलं. वर्षभर कधी देवाला हात न जोडणारा, नाश्त्याला डुकराचं सॉसेज खाणारा हा गृहस्थ त्या दिवशी सासूबाईंनी पाठवलेली हळदकुंकवाची पुडी घेऊन तळघरात हजर झाला. आपट्याच्या पानांऐवजी लिंडेनची पिवळी पानंसुद्धा वेचून आणली होती.

सुलेखा म्हणाली, “अहो, कुंकू मुठीला लावा. लाकडाला. लोखंडाला नको. बाबा सिलेखान्यात कधी पात्याला लावू द्यायचे नाहीत, म्यानाला लावायचे. आणि अजून तेल लागायचंय त्याला.”

“आमच्याकडे तलवारीच्या पात्यालाच लावतात,” तो म्हणाला आणि त्याने बोट पाण्यात बुडवून ओलं कुंकू नक्षीच्या शेजारी, बरोबर मधोमध थापलं. वर हळद. वर अक्षता.

ती फडकं घेऊन पुढे झाली तर तिचा हात धरून म्हणाला, “दसरा होईपर्यंत शस्त्राला हात लावायचा नसतो. अपशकुन होतो.” आणि कुलूप लावून किल्ली खिशात टाकून विद्यापीठात निघून गेला. दसरा झाला, त्यानंतर त्याचं कसलंसं सेमिनार निघालं आणि किल्ली त्याच्या खिशातच फिरत राहिली.

सुलेखाला तळघर उघडायला मिळालं तेव्हा कुंकू सुकून उडालं होतं आणि त्याच्याखाली बोटाच्या टोकाएवढा तांबूस गंजाचा डाग पोलादात शिरला होता. तिने तेल लावलं, हलक्या हाताने घासलं. डाग फिका झाला, पण गेला नाही. तो काढायचा तर ती पूर्ण बाजू पुन्हा उतरवून पहिल्यापासून सुरुवात करायला हवी होती, आणि मंडळाचं जेवण तोंडावर आलं होतं. ती त्या बाकाशी बसून रडली. दुःखाने नाही, संतापाने. स्वतःचं काम कुणी आपल्या डोळ्यांदेखत नासवावं आणि त्यालाच पूजा म्हणावं, याहून वाईट काय असतं?

नोव्हेंबरातल्या रविवारी मंडळाचं हंसाचं जेवण असे. त्या दिवशी बायकांनाही टेबलाशी बसायला परवानगी. भाजलेला हंस, लाल कोबी, बटाट्याचे गोळे. सरस्वतीचं वाहन ताटात बघून सुलेखाला क्षणभर चमत्कारिक वाटलं, पण ती कायस्थाची मुलगी, तिने ते गोड करून घेतलं. जेवणानंतर नव्या केलेल्या पिस्तुलाने पहिली गोळी हेर ब्रॉयर झाडणार होते.

पिस्तूल हातोहात फिरलं. वाहवा झाली. ब्रॉयरनी मूठ धरली आणि त्यांच्या डोळ्यांत पाणीच आलं. उभे राहून म्हणाले, “आपला ओडेनथाल गेला तेव्हा वाटलं होतं, असा हात पुन्हा मिळायचा नाही. पण मिळाला! आजपासून मंडळाचे वाफेनवार्ट, हत्यारांचे प्रमुख, हेर ताम्हाणे. तळघराची किल्ली कायमची त्यांच्याकडे.”

टाळ्यांचा गजर झाला. सुलेखा नवऱ्याकडे बघत होती. हीच ती योग्य वेळ. याहून योग्य वेळ येणार तरी कधी? श्रीरंग उठला, मान लववली, हसला आणि म्हणाला, “डांके, डांके.”

बस. एवढंच.

ब्रॉयरनी पिस्तूल उजेडात फिरवलं आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. “हा डाग कसला?”

“ओह, तो,” श्रीरंग हसत म्हणाला. “ती माझ्या बायकोची कामगिरी. आमच्याकडे बायका दिसेल त्याला कुंकू लावून पूजा करतात. मी नको नको म्हणत होतो.”

सगळं टेबल हसलं. म्हणजे बघा, पिस्तुलाच्या टोकापासून मुठीपर्यंत जे काही चांगलं ते याचं, आणि याने स्वतः थापलेला तेवढा एक डाग बायकोच्या नावावर! फ्राऊ ओडेनथालने स्वयंपाकघराच्या दारातून हातातलं भांडं दाणकन खाली ठेवलं.

सुलेखा उभी राहिली. तिच्या जर्मनमध्ये डेर, डी, डास या लिंगांची कायम मारामारी असायची, पण त्या दिवशी तिचं बोलणं समजायला कुणाला अडलं नाही. “हे खोटं आहे,” ती म्हणाली. “कुंकू यांनी लावलं. बाकीचं सगळं मी केलं. फ्राऊ ओडेनथालना विचारा.”

“गेनाऊ! अगदी खरं!” दारातून फ्राऊ ओडेनथालचा आवाज आला.

पुन्हा हशा, पण आता जरा बिचकलेला. ब्रॉयर समजुतीच्या सुरात म्हणाले, “फ्राऊ ताम्हाणे, तुम्ही मदत केली असणारच. बायका करतातच.”

सुलेखाने पर्समधून आपला स्क्रू-ड्रायव्हर काढला आणि श्रीरंगपुढे ठेवला. मग मराठीत, अगदी थंडपणे म्हणाली, “अहो, उघडून दाखवा. जास्त नाही, गोळी भरायची जागा तेवढी मोकळी करा.”

श्रीरंगने पिस्तूल उचललं. उजवीकडून बघितलं, डावीकडून बघितलं. एका स्क्रूला हात घातला, तो नक्षीशेजारचा, ज्याचा उघडण्याशी काही संबंध नव्हता. सगळे बघत होते. त्याचे कान लाल झाले. शेवटी त्याने पिस्तूल टेबलावर ठेवलं आणि ग्लासाकडे हात नेला.

सुलेखाने ते घेतलं. गोळी नसल्याची खात्री केली आणि हंसाच्या हाडांच्या ताटलीशेजारी, पांढऱ्या रुमालावर एकेक भाग सोडवून ओळीने मांडला. गोळीमागचा ठोकळा, चाप, त्याच्या दोन स्प्रिंगा, खाच, मूठ. 

ब्रॉयरनी वाकून रुमालावरचा एकेक भाग निरखला. मग घसा खाकरून म्हणाले, “हो. दिसतंय ते खरं. पण फ्राऊ ताम्हाणे, मंडळात बाईला पद देता येत नाही, ती सभासदच होऊ शकत नाही. तेव्हा असं करू, किल्ली हेर ताम्हाणेंच्या नावावर राहू दे आणि काम तुम्ही करत जा. त्यांची हरकत नसेल तर.” आणि त्यांनी खरोखरच श्रीरंगकडे वळून विचारलं, “तुमची काही हरकत?”

सुलेखाच्या डोळ्यांपुढे तळघरातल्या त्या सगळ्या दुपारी, बेकरीतली रांग आणि ते मुकाट चढलेले जिने येऊन गेले. तिने रुमालाला हात पुसले आणि खाली बसून आपलं ताट पुढे ओढलं.

“ठीक आहे,” ती म्हणाली. “मग ज्याच्या नावावर किल्ली आहे, त्याने हे जोडावं.”

आणि ती लाल कोबी खाऊ लागली.

नेमबाजीची वेळ झाली. बाहेर पाहुणे येऊन उभे होते. रुमालावर पिस्तूल सुटं पडलं होतं आणि मंडळातल्या एकाचीही त्याला बोट लावायची छाती नव्हती. उपाध्यक्षांनी एक स्प्रिंग उचलून पाहिली आणि परत ठेवली. श्रीरंग ताटलीतलं एक हाड काट्याने इकडून तिकडे सारत होता. शेवटी ब्रॉयरनी श्रीरंगकडून किल्ली मागून घेतली, टेबलाला वळसा घालून आले आणि सुलेखाच्या ताटाशेजारी ठेवली. नियमांचं काय ते पुढच्या सभेत बघू, असं पुटपुटले. सुलेखाने तोंडातला घास संपवला, किल्ली पर्समध्ये टाकली आणि मग पिस्तूल जोडून दिलं. ब्रॉयरची पहिली गोळी काळ्या वर्तुळाच्या आत लागली.

नियम पुढच्या सभेत बदलला नाही, त्याच्या पुढच्याही नाही. सुलेखा मंडळाची सभासद कधीच झाली नाही आणि त्याबद्दल ती अखेरपर्यंत चिडूनच होती. पण किल्ली तिच्याकडेच राहिली. श्रीरंगचा प्रबंध झाला, पासष्ट साली त्याला तिथल्याच एका बँकेत नोकरी लागली, तरी त्या तळघराचं दार दुपारी उघडायचं ते तिच्याच हाताने. पिस्तूल तिने पुढे दोनदा सबंध उघडून साफ केलं, मनात आणलं असतं तर ती बाजूही नव्याने काळी करता आली असती. तिने ती केली नाही.

नवीन कुणी सभासद आला की पिस्तूल हातात घेऊन वाखाणायचा आणि मग त्याचं लक्ष त्या तांबूस डागाकडे जायचं. हे कसं झालं, असं तो विचारायचा. श्रीरंग जवळपास असला तर सुलेखा मुद्दाम थोडं मोठ्याने सांगायची.

“ते? ते माझ्या नवऱ्याचं काम.”